'ऐकणे' म्हणजे नक्की काय? अब्राहाम, शौल आणि आमच्या शब्बाथ शाळेतली एक मुलगी

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज धागा काढतोय, कारण एका नऊ वर्षांच्या मुलीने मला गप्प केलंय.

खानापूर तालुक्यात आमची लहानशी मराठी मंडळी आहे. रविवारी उपासनेआधी पाऊण तास मी शब्बाथ शाळा घेतो. चौदा-पंधरा मुलं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कोकणी, दोघा-तिघांच्या कन्नड. गेल्या रविवारी पाठ होता बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा २२ वा अध्याय. देव सांगतो म्हणून अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर नेतो, तो. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आज्ञापालन' लिहिलं आणि गोष्ट सांगितली. लाकडं, विस्तव, सुरी, शेवटी झुडपात शिंगं अडकलेला एडका. सगळ्यांनी हुश्श केलं. मागच्या बाकावरून आवाज आला:

"सर, मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलासा की. सदोम गाव वाचवायला अब्राहाम देवाशी केवढी घासाघीस करत होता. पन्नासावरनं दहावर आणलं. खरं पोराच्या वेळेला एक शब्दबी का बोलला नाही?"

(बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. आणि पन्नास-दहा म्हणजे सदोमात किती नीतिमान माणसं सापडली तर देव गाव वाचवील, तो आकडा.)

मी ठरलेलं उत्तर दिलं. देवाच्या आज्ञेपुढे प्रश्न विचारायचा नसतो. ती म्हणाली, "मग सदोमाच्या वेळेला?" तेवढ्यात उपासनेची घंटा झाली, वाचलो.

घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जुन्या कराराच्या हिब्रूत 'आज्ञा पाळणे' याला म्हणून वेगळं क्रियापदच नाही. 'शमा' म्हणजे ऐकणे, तेच दोन्ही कामं करतं. मोरियाच्या शेवटी देव म्हणतो, तू माझा शब्द ऐकलास म्हणून आशीर्वाद देतो; तिथेही 'शमा'च. आपल्या मराठीतही तसंच नाही का? 'पोरगं ऐकत नाही' म्हटलं की कुणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. माझी आजी परसातून ओरडायची, "ऐकूलास काय रे?" याचं उत्तर 'होय' नव्हतं. पाण्याची घागर आत आली की ते उत्तर. नव्या करारातला ग्रीक शब्द 'हुपाकोए' हाही 'अकुओ' म्हणजे ऐकणे यातूनच आलेला, पुढे 'हुपो' म्हणजे खाली. खाली राहून ऐकणे. लॅटिनमध्येही तेच, शब्दाच्या पोटात कान.

हे सगळं ठीक. पण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. जाणकारांनी मदत करावी.

निपाणीचा फाटा

मी नास्तिक आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे सरळच लिहितो. 'आज्ञाधारक' हा शब्द मी आयुष्यात फक्त शाळेच्या अर्जाखाली लिहिला. 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. दोन दिवस ताप आला म्हणून रजा मागताना. तो शब्द वरच्याला खालच्याकडून हवा असतो, बस्स.

उदाहरण देतो. १८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी. निवडक भागांचं. त्यात 'दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा' हे नव्या करारातलं पौलाचं वाक्य आहे. निर्गम या पुस्तकातल्या दहा आज्ञा आहेत. पण मिसरातून गुलाम सुटून निघतात तो भाग कापलेला. आज्ञा ठेवल्या, सुटका काढली. आता सांगा, 'ऐकणे' कुणाच्या सोयीचं?

मलप्रभाकाठ

फाटासाहेब, मुद्दा लागला. पण तुमच्याच उदाहरणात त्याचं उत्तरही आहे. दहा आज्ञांची सुरुवात कशी होते? 'तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा मी'. आधी सुटका, मग आज्ञा. ते पान कापणाऱ्याला नीट कळलं असावं की दोन्ही एकत्र ठेवले तर आज्ञेचा अर्थ बदलतो. आणि निर्गमच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. इब्री बायकांचे मुलगे मारा असा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम. त्या मारत नाहीत, आणि विचारल्यावर थाप मारतात की या बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. देव त्यांचं भलं करतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात फारोचं नाव दिलेलं नाही, या दोघींची मात्र दिलीत.

हिरण्यकेशी

सर, मी संकेश्वरकडचा, वारकरी घरातला. बायबल फार वाचलेलं नाही. पण तुमच्या वर्गातली कन्नड मुलं तुमच्या कामाला येतील.

कन्नडमध्ये 'केळु' म्हणजे ऐक. 'मातु केळु' म्हणजे सांगितलेलं ऐक, अगदी तुमच्या आजीच्या अर्थाने. पण 'प्रश्ने केळु' म्हणजे प्रश्न विचार! ऐकणे आणि विचारणे, दोन्हीला एकच क्रियापद. मी कन्नड शाळेत शिकलो तेव्हा पहिले सहा महिने गोंधळ व्हायचा. गुरुजी 'केळु' म्हणाले की गप्प बसायचं की हात वर करायचा? एकदा चुकीच्या वेळी हात वर केला आणि पट्टी खाल्ली.

आमच्याकडेही अर्जुन सतरा अध्याय विचारतोच आहे. अठराव्यात देव म्हणतो, सगळं सांगून झालं, आता तुला वाटेल तसं कर. मग तो म्हणतो, तू सांगशील ते करीन. बघा, आधी भरपूर केळु, मग केळु.

चंदगडी

हिरण्यकेशी, +१. 'आधी केळु मग केळु' दुकानावर पाटी करून लावतो.

कॅम्पातली

आमच्या घरी कोकणी, चर्चमध्ये कोकणी-मराठी-इंग्लिश सगळंच. माझी एक मावशी सिस्टर होती. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. ती म्हणायची पहिली दोन सोपी, तिसऱ्याने जीव जातो. एकदा वरिष्ठांनी रात्रीत बदली केली, आणि जिथे गेली तिथली भाषाही तिला येत नव्हती. गेली. पण त्याबद्दल ती गोड-गोड कधीच बोलली नाही, हे मला तिचं फार आवडायचं.

नव्या करारात लूकच्या पहिल्या अध्यायात दोन प्रश्न शेजारी-शेजारी आहेत. देवदूत म्हाताऱ्या जखऱ्याला सांगतो, तुला मुलगा होईल. तो विचारतो, हे मी कशावरून समजू? त्याची वाचा जाते. मग मरीयेला सांगतो. तीही विचारते, हे कसं होईल? तिला नीट उत्तर मिळतं आणि मग ती 'मी प्रभूची दासी' म्हणते. दोन्ही प्रश्न मला तर सारखेच वाटायचे. फादर समजावतात की त्याच्या प्रश्नात अविश्वास होता, तिच्या नव्हता. असेल. पण जखऱ्या याजक होता, मंदिरात आत उभा होता, आणि पुरावा मागत होता. ती गावातली पोर, कशी होणार एवढंच विचारत होती. जो रोजच्या रोज देवाचं बोलतो त्याच्या प्रश्नाला जास्त पट्टी बसते, हे मला बरोबर वाटतं.

आता कानाचंच चाललंय म्हणून. मागच्या महिन्यात भाचीचे कान टोचायला शहापूरला सोनाराकडे गेलो. त्याने आधी शाईने ठिपका दिला, आरशात दाखवला, 'बरोबर आहे का गो?' विचारलं. ती हो म्हणाली तेव्हा तार आत गेली. तिने जो आवाज काढला तो रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत. मग हळद, खोबरेल, आणि सोनाराच्या डब्यातली एक लिमलेटची गोळी. मला तिथेच निर्गमचा २१ वा अध्याय आठवला. सहा वर्षं चाकरी झाल्यावर इब्री दासाने मोकळं व्हायचं. पण तो म्हणाला, मला धनी प्रिय आहे, मी जात नाही, तर त्याला दाराशी उभं करून आरीने कान टोचायचा. मी इतकी वर्षं हे प्रेमाचं चिन्ह म्हणून ऐकत आले. चुकत असेन तर सांगा.

रेवदंडेकर

ताई, आमच्याकडे त्याचा अर्थ अगदी उलटा लावतात. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे, आता ठाण्यात. आमचे एक जुने रब्बी, म्हणजे धर्मगुरू, योहानान बेन झक्काय म्हणाले: सिनाय डोंगरावर ज्या कानाने ऐकलं की इस्राएल माझे दास आहेत, तोच कान जाऊन स्वतःसाठी दुसरा धनी करतो? टोचा त्याला. म्हणजे शिक्षा आहे ती. देवाचं ऐकलेला माणूस माणसाचा गुलाम राहायला राजी होतो, त्याची. फाटासाहेबांनी हे टिपून ठेवावं.

आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ नाही, रब्बी नाही. राहिलं काय, तर शनिवार, सुंता, खवल्याचेच मासे खाणं, आणि एक ओळ, 'शमा इस्राएल'. हे इस्राएला, ऐक. बाळ जन्मलं तरी तीच, माणूस गेला तरी तीच. पुढे काय ऐकायचं ते विसरलं, 'ऐक' तेवढं राहिलं.

आता मुलीचा प्रश्न. तिला सांगा, अब्राहाम बोलला होता! जुन्या रब्बींनी ते संभाषण भरून काढलंय. मूळ वाक्य विचित्रपणे लांब आहे ना: 'तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो, इसहाक'. एवढं का? तर मधली अब्राहामाची वाक्यं गळलीत. (त्याला दोन मुलगे: साराचा इसहाक आणि दासी हागारेचा इश्माएल.)
"तुझा मुलगा घे." मला दोन आहेत.
"एकुलता एक." हा त्याच्या आईला एकुलता, तोही त्याच्या आईला एकुलता.
"ज्याच्यावर प्रीती करतोस तो." दोघांवरही करतो.
"इसहाक."
संपलं. आता पळवाट राहिली नाही.

म्हणजे घासाघीस केलीच. फक्त इथे हरला.

मलप्रभाकाठ

रेवदंडेकर, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पस्तीस वर्षं हा अध्याय शिकवतोय, ते वाक्य इतकं लांब का हे कधी मनात आलं नाही.

निपाणीचा फाटा

कथा सुंदर आहे, मान्य. पण मग हरल्यावर ऐकायचंच ना? शेवट तोच.

रेवदंडेकर

नेहमी नाही. एकदा रब्बी एलियेझरचं बाकी सगळ्यांशी एका मातीच्या भट्टीवरून वाजलं, ती शुद्ध की अशुद्ध. एलियेझर म्हणाले, मी बरोबर असेन तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून लांब जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाड हा पुरावा नव्हे. ओढा उलटा वाहिला. ओढाही नव्हे. भिंती कलल्या. शेवटी आकाशवाणी झाली की एलियेझर म्हणतात तेच खरं. तर रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणाले, 'ते आकाशात नाही'. हे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायातलं वाक्य. आज्ञा आम्हाला दिलीस, आता ठरवणार आम्ही. नंतर कुणीतरी एलिया संदेष्ट्याला विचारलं, तेव्हा देवाने काय केलं? तो हसला, म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं. आमच्याकडे मलिदा ज्याच्या नावाने करतात तोच हा एलियाहू, म्हणून ही गोष्ट मला घरची वाटते.

टिळकवाडी

बेळगावचा धागा आणि ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं नाव नाही? जन्म बेळगावचा, १८३१. इथल्याच मिशन शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरच्यांचा विरोध पत्करून. 'अरुणोदय' हे त्यांचं आत्मचरित्र. आई-बापाचा मान राख ही आज्ञा पाळायची, आणि त्याच देवाचं ऐकायचं म्हणून बापाचं मोडायचं. अशा वेळी काय करायचं यावर शास्त्रात काही आहे का?

रेवदंडेकर

आहे. लेवीयच्या १९ व्या अध्यायात एकाच वचनात दोन गोष्टी: आईबापाचं भय धरा, माझे शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) पाळा. दोन्ही जवळ का? तर बाप म्हणाला शब्बाथ मोड, तर ऐकायचं नाही. कारण बापही त्याच आज्ञेखाली आहे.

मलप्रभाकाठ

आणि नव्या करारात येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेपुढे म्हणतो, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. कृत्ये ५. पदमनजींच्या मनात तेच असणार.

पण मला शौलाबद्दल, इस्राएलच्या पहिल्या राजाबद्दल, लिहायचंय, कारण आज्ञापालन म्हटलं की आमच्याकडे प्रवचन तिथेच जातं. १ शमुवेल १५. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. लोक हे वचन भिंतीवर लावतात, मागची गोष्ट कुणी नीट वाचत नाही. त्या अध्यायात सगळीकडे 'शमा' आहे. शौल लढाईहून येतो, शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरांची बें-बें माझ्या कानी येते ती काय? (आमच्या गावाच्या खालच्या माळावर धनगर उतरतात तेव्हा पहाटे तो आवाज किती दूरवर जातो, हे ज्याने ऐकलंय त्याला शौलाची फजिती कळेल. लपवायला काय लपवलं तर मेंढरं!) शौल म्हणतो, यज्ञासाठी राखली. मग पुढे कबूल करतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. ऐकलं होतंच त्याने, कुणाचं एवढाच प्रश्न. आणि शौल या नावाचा अर्थ 'मागितलेला', लोकांनी हट्टाने मागून घेतलेला राजा. तेव्हाही देव शमुवेलाला म्हणाला होता, लोकांचं ऐक.

इतकं सगळं बारीक विणलेलं आहे. आणि तरी मी हा अध्याय मुलांना शिकवत नाही. कारण मूळ हुकूम काय होता? शत्रू टोळीतले, अमालेकी, सगळे मारा, बायका, मुलं, तान्ही पोरं. शौल चुकला तो राजाला आणि जनावरांना सोडण्यात. तान्ह्यांबद्दल कुणी काही बोलत नाही. मला त्रास होतो. होतो तो होतो.

निपाणीचा फाटा

हे लिहिल्याबद्दल तुमच्याबद्दल आदर वाढला, सर. उपरोध नाही.

रेवदंडेकर

सर, तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, शौल तिथे बोलतो. म्हणतो, एका माणसाचा खून झाला तर कालवडीचं प्रायश्चित्त सांगितलंय, मग इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं, लहानांनी काय केलं? आकाशवाणी होते, फार धार्मिक होऊ नकोस. पुढे हाच शौल दावीदाच्या रागाने नोब गावचे पंच्याऐंशी याजक मारवतो. तेव्हा पुन्हा आकाशवाणी, फार दुष्ट होऊ नकोस.

उत्तर नाही हे. पण तुमचा प्रश्न त्यांनाही पडला होता.

पाळकबुवा

निवृत्त आहे, मुलाने हा धागा दाखवला. टंकायला वेळ लागतो, थोडक्यात लिहितो.

स्तोत्र ४० मध्ये दावीद म्हणतो, यज्ञ आणि अर्पण यांत तुला संतोष नाही, तू माझे कान उघडले आहेस. हिब्रूत शब्दशः 'माझे कान खणलेस', विहीर खणावी तसे. तेच वचन इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात आलंय, पण तिथे कानाच्या जागी 'तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलेस' असं आहे, कारण लेखकापुढे ग्रीक भाषांतर होतं. मी तरुणपणी याला भाषांतराची गडबड समजत होतो. आता वाटतं, ख्रिस्ताबद्दल आम्ही हेच तर सांगतो. कान होता तो अख्खा देह झाला.

आणि गेथशेमाने, येशूने अटकेआधी प्रार्थना केली ती बाग. हा प्याला टळून जावो, असं तो एकदा म्हणत नाही, मत्तय म्हणतो तीनदा. तीनदा विचारलं. संकेश्वरकरांच्या भाषेत केळु. वरून शब्द आला नाही. मग उठला आणि गेला. त्याच पत्रात ५ व्या अध्यायात आहे की पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. 'शिकला' या शब्दावर मी चाळीस वर्षांत धड प्रवचन करू शकलो नाही.

मलप्रभाकाठ, फळ्यावर 'आज्ञापालन' लिहू नका. मुलं वहीत उतरवतात आणि झालं समजतात.

कॅम्पातली

पाळकबुवा 🙏 मावशी असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

चंदगडी

अवांतर: याकोब म्हणतो अब्राहाम कर्मांनी नीतिमान ठरला, पौल म्हणतो विश्वासाने, आणि ल्यूथर याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हणाला होता. तो वाद इथे काढू नका कुणी, सातशे प्रतिसाद होतील.

मलप्रभाकाठ

मंडळी, वृत्तांत देतो. काल रविवार झाला. फळ्यावर काहीच लिहिलं नाही. रेवदंडेकरांचं संभाषण दोन मुलांना उभं करून वाचायला लावलं. अब्राहाम झालेल्या पोराने 'मला दोन आहेत' असं काही ठसक्यात म्हटलं की सगळे हसले. 'इसहाक' आल्यावर मात्र वर्ग आपोआप शांत. मग कन्नड मुलांना 'केळु'चे दोन्ही अर्थ सांगायला लावले, ते खूश.

मला वाटलं सुटलो. त्या मुलीने हात वर केला.

"सर, देवानं अब्राहामाला सांगितलं. अब्राहाम देवाशी बोलला. खरं साराला कुणी विचारलं?"

पुन्हा पुस्तक उघडलं. २२ व्या अध्यायात साराचं, इसहाकाच्या आईचं, नाव नाही. अब्राहाम पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो, निघतो. परत येताना इसहाकाचंही नाव नाही, अब्राहाम चाकरांकडे परत आला एवढंच. आणि २३ वा अध्याय उघडतो तो साराच्या मृत्यूने.

रेवदंडेकर, याबद्दल तुमच्याकडे काही असेल तर शनिवारपर्यंत लिहा.

रेवदंडेकर

राशी हे आमचे मध्ययुगातले मोठे भाष्यकार. ते म्हणतात, मुलाला बांधलं, तो कापला जाता जाता राहिला, ही बातमी साराच्या कानी गेली आणि तिथेच तिचा जीव गेला. दोन अध्याय एकमेकांना लागून आहेत ते म्हणून.

पण हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगू नका. तिलाच विचारा, सारा काय म्हणाली असती.